बोटीवरची पांढरी झाक

"मॅडम, हे काय करून ठेवलं तुमी? बोट हाय का चुन्याची टाकी?"

ठेकेदाराने बोटीच्या कडेवरून तळवा फिरवून माझ्यापुढे धरला. तळव्यावर काही नव्हतं. बोटीवर मात्र होतं. काल संध्याकाळी आरशासारखी दिसणारी निळी बोट सकाळच्या दवात दुधाळ झाली होती, कुणी पातळ ताक फासल्यासारखी.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि दारं बनतात. मी तिथे क्वालिटी बघते. हा ठेकेदार एका तलावावर बोटिंग चालवतो. त्याच्या सहा बोटींपैकी पहिली आमच्याकडे नमुना म्हणून आली होती. धुऊन, पॉलिश करून द्यायची, पसंत पडली तर बाकीच्या पाच.

फायबरच्या बोटीवर जेलकोट नावाची चकचकीत कातडी असते. उन्हाने ती मरते, हात लावला की खडूसारखी भुकटी येते. म्हणून आधी बोट धुवायची. मग कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट, मशीनने फिरवून मेलेला थर काढायचा. शेवटी वॅक्स. लोकांना वाटतं वॅक्स चमकीसाठी असतं. खरं तर ते उघड्या पडलेल्या कातडीला तेल चोळण्यासारखं आहे. ऊन आणि पाणी आत शिरू नये, एवढंच त्याचं काम. ते हाताने लावतात आणि सुकलं की सुती कापडाने पुसून काढतात.

हे सगळं नामदेवभाऊंनी केलं होतं. उमरेडच्या विणकराच्या घरातला माणूस. माग बंद पडला तेव्हा इथे आले, त्याला वीस वर्षं झाली. बफिंग मशीन त्यांच्या हातात वजनाचं वाटत नाही.

ठेकेदार गेला आणि सेठ, आमचे मालक, शेडमध्ये आले.

"वॅक्सचा डबा महागाचा होता. यानं तो बाहेर विकला अन् गाडीचं सस्तं पॉलिश घासलं. दुसरं काय?"

"म्या कायले विकीन, सेठ? वीस वर्सात एक खिळा तरी नेला का घरी?"

"मंग हे पांढरं काहून आलं, सांग ना गा."

"मले काय मालूम?"

सेठ माझ्याकडे वळले. "शनवारपर्यंत कारन सांगा, मॅडम. नाई तं याले घरी बसवतो."

तो बुधवार होता.

बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्यांची सात धोतरं माझ्या कपाटात घडी करून ठेवलेली होती. कुणाला द्यावीत हे ठरत नव्हतं. अशा दिवसांत हातात एखादा प्रश्न असलेला बरा असतो. मी तो घेऊन बसले.

पहिला संशय पाण्यावर. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीवर पांढरे डाग पडतात. बोटीचा एक कोपरा डिस्टिल्ड वॉटरने, पॉलिशच्याच कापडाने पुसला. दुपारी तो चकचकीत दिसला, तशी तर सगळी बोटच दिसली. गुरुवारी सकाळी दव पडलं आणि तो कोपराही दुधाळ झाला. म्हणजे पाणी नव्हे.

दुसरा संशय वॅक्सवर. त्याच डब्यातलं वॅक्स मी फायबरच्या एका तुकड्यावर लावलं, कापसाने पुसलं आणि तुकडा रात्रभर अंगणात ठेवला. शुक्रवारी सकाळी त्यावर दवाचे गोल थेंब उभे होते. पांढरं काही नाही. वॅक्स खरं होतं.

सेठ म्हणाले, "डब्यातलं खरं असन. बोटीवरचं कोनतं होय, ते सांगा."

ते बरोबर बोलत होते. मी पुन्हा बोटीपाशी गेले. दवाने ओली झालेली झाक अंगठ्याने चोळली. किंचित चिकट लागली. वॅक्स ओलं झाल्यावर चिकटत नाही. मी अंगठा नाकाशी नेला. वास असा नव्हताच, पण तो चिकटपणा माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरी ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला द्यायला बाबा भाताच्या पेजेची खळ शिजवायचे. खळ दिलेलं सूत ताठ राहतं, मागावर तुटत नाही. शाळेतून आल्यावर ती ढवळायचं काम माझं असे.

फर्स्ट एडच्या पेटीतून जखमेवर लावायचं आयोडीन आणलं. ओल्या कापसाने झाक टिपली आणि कापसावर एक थेंब सोडला. थेंब काळा-निळा झाला. शाळेत बटाट्यावर करतात तोच प्रयोग. बोटीवर स्टार्च होता.

मग नामदेवभाऊंनी पुसायला वापरलेलं कापड मागवलं. त्यावर थेंब टाकला. तेही निळं.

ते कापड मी आणलं होतं. इतवारीच्या बाजारातून, स्वतः जाऊन. महागाची बोट, तिला चिंध्या कशाला, म्हणून पांढरं कोरं कापड. कोऱ्या कापडात गिरणीची खळ असते. पुसताना ती वॅक्सवर बसली. कोरडी असताना दिसत नव्हती, दवाने फुगली की पांढरी होत होती.

"नामदेवभाऊ, कापड कडक नाही लागलं हाताला?"

"लागलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आनलं होतं, मॅडम. मोठ्या मानसानं आनलेल्या कपड्याले नाव ठेवाव का?"

सेठना सगळं दाखवलं. चूक माझी, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी निळा कापूस उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "च्या सांगा नामदेवले." माफी त्यांनी मागितली नाही. चहा मात्र आला, त्यांच्या केबिनमधल्या कपात.

शनिवारी बोट कोमट पाण्याने धुऊन घेतली आणि नव्याने वॅक्स लावलं. पुसायला मी घरून एक धोतर नेलं होतं. नामदेवभाऊंनी ते दोन बोटांत चोळलं.

"हे हातमागाचं होय. कोनं विनलं?"

"बाबांनी."

त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. "नाई बा. याच्यानं बोट पुसाची?"

"किती वेळा धुतलंय ते बघा आधी."

त्यांनी पुन्हा घेतलं, उजेडात धरलं. "हाव," ते म्हणाले, "आता यात खळीचा कन नाई." आणि पुसायला लागले, नेहमीपेक्षा हळू.

रविवारी पहाटे दव पडलं. निळ्या बोटीवर थेंब मण्यांसारखे उभे होते. ठेकेदाराने तळवा फिरवला आणि बाकीच्या पाच बोटी कधी पाठवू, एवढंच विचारलं.

शेडमध्ये आता एक कागद लावला आहे. पॉलिशला कापड जुनं, भरपूर धुतलेलं घ्यावं. कडक लागलं तर पुसणाऱ्याने तिथेच सांगावं, कापड कुणीही आणलेलं असो. दुसरं वाक्य पहिल्याहून जास्त कामाचं आहे.

सहा बोटींना सहा धोतरं लागली. सातवं बाबांनी शेवटी विणलं होतं, ते नेसायचं राहून गेलं. त्याची खळ अजून तशीच आहे. पॉलिशला ते चालणार नाही.