राजशिष्टाचार म्हणजे काय

माझे सासरे मंत्री झाले तेव्हा मला कोल्हापुरात येऊन दोनच वर्षं झाली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ते वकील होते, राहायला आम्ही मंगळवार पेठेत, पण त्यांचं मूळ गाव मलकापूरच्या पलीकडं. तिथूनच ते आमदार म्हणून निवडून आले होते. कुणालाच बहुमत नव्हतं. वेगवेगळे गट एकत्र येऊन सरकार बनत होतं, आणि कोण कुणाच्या बाजूला आहे हे सकाळच्या आणि संध्याकाळच्या बातम्यांत वेगळं असायचं.

एका दुपारी मुंबईहून ट्रंककॉल आला. मीच फोन घेतला.

"शपथ घेतली म्हणून सांग सगळ्यांना," सासरे म्हणाले. "राज्यमंत्री."

"खातं कुठलं, आबा?"

"ते अजून ठरायचंय. आज न्हाईतर उद्या..." आणि लाइन तुटली.

सासूबाई अंबाबाईची ओटी भरायला निघाल्या होत्या. दारातून परत आल्या आणि मला विचारलं, "अगं, देवीला काय सांगू? कशाचे मंत्री झाले म्हणू?"

खातं अजून ठरायचंय, एवढंच मी सांगितलं. त्या तशाच गेल्या.

सासरे रेल्वेनं परतले. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांना उघड्या जीपमधून आणलं. गळ्यातल्या हारांमुळं त्यांना मान वळवता येत नव्हती. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खातं ठरलं नव्हतं, त्यामुळं ज्याला जे हवं ते त्यानं मनाशी धरलं होतं. शिरोळची मंडळी पाटबंधारे खातं धरून चालली होती. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. आमच्या मुख्याध्यापिका शिक्षण खातं गृहीत धरून पेढे घेऊन आल्या. हुपरीचे चांदीवाले उद्योग खात्याबद्दल बोलत होते. सासरे सगळ्यांना एकच सांगत होते, "बघू की."

गावाकडून त्यांचे एक जुने मित्र आले होते. पांढरा फेटा, अंगानं काटक. दोघं लहानपणी एकत्र गुरं राखायला जात. गावापुढच्या नदीवर पूल नव्हता. पाऊस लागला की गाव तुटायचं. आजारी माणसाला मलकापूरला न्यायची सोय नसायची. हे मित्र कोपऱ्यात बसून होते. गर्दी जरा कमी झाल्यावर म्हणाले, "मला खातंबितं काय कळत न्हाय. पूल तेवढा हुईल न्हवं?"

"हुईल की," सासरे म्हणाले.

संध्याकाळी रेडिओवर खातेवाटप सांगायला लागले. नवऱ्यानं आवाज मोठा केला. गृह, अर्थ, महसूल अशी मोठी खाती संपली, राज्यमंत्री सुरू झाले. सासऱ्यांचं नाव आलं आणि पाठोपाठ एक शब्द आला, राजशिष्टाचार.

नवऱ्यानं रेडिओ बंद केला. मग शिरोळच्या एका पावण्यानं विचारलं, "काय म्हणाला त्यो?"

"राजशिष्टाचार."

"म्हंजे काय करायचं आसतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मराठीची शिक्षिका, तेव्हा मला माहीत असणार असं त्यांना वाटलं असावं. मी अंदाजानंच सांगितलं, की सरकारचे मोठे पाहुणे येतात, परदेशातले वगैरे, त्यांचं स्वागत, मेजवानी, समारंभात कुणी कुठं बसायचं, हे सगळं त्या खात्याकडं असतं.

"रामराम घालायचं खातं म्हणा की," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच तसं समजलं होतं.

हळूहळू लोक उठायला लागले. जाताना अभिनंदन करावं की धीर द्यावा, हे त्यांना उमगत नव्हतं. मलाही ते समजत नव्हतं. हा मान होता की कुणीतरी मुंबईत बसून आबांना बाजूला सारलं होतं? नवरा म्हणाला, राजीनामा द्या. सासरे म्हणाले, "खुर्चीवर बसायच्या आधीच?" मित्र उठले, चपला घातल्या आणि जाता जाता एवढंच विचारलं, "ह्या खात्यात पूल येत न्हाय व्हय?"

जेवताना सासऱ्यांनी सासूबाईंकडं बोट दाखवलं. "सूनबाई, पावण्यांचं करायचं हे हिचं खातं. मला कसं काय दिलं?" सासूबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली, पण त्यांनी ती मोडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. विमानतळावर पुष्पगुच्छ घेऊन उभे राहायचे. पाहुणा कोण, कुठल्या देशाचा, हे अधिकारी गाडीत सांगायचा. घरी आले की थकलेले असत. काम फार झालं म्हणून नव्हे, काम झालं की नाही हेच समजत नाही म्हणून, असं ते म्हणायचे.

पण एकदा आले ते वेगळेच दिसत होते. एका मेजवानीत कुणी कुठं बसायचं याचा कागद अधिकाऱ्यानं सहीला आणला होता. सासऱ्यांनी बांधकाम मंत्र्यांची खुर्ची आपल्या शेजारी घ्यायला लावली. अधिकारी म्हणाला, तसा क्रम नाही. सासरे म्हणाले, "खातं माझं हाय न्हवं?" आणि सूप आल्यापासून विडा येईपर्यंत ते त्या मंत्र्यांशी पुलाविषयी बोलत राहिले. मंत्री प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

महिन्याभरानं गावाकडं मोजणीवाले आले. नदीच्या दोन्ही काठांना खुणेचे दगड रोवले. मित्रानं कोल्हापूरला येऊन सासऱ्यांचे हात हातात घेतले, बराच वेळ सोडले नाहीत.

त्यानंतर सरकार पडलं. सासरे पुन्हा कोर्टात जायला लागले. दगड तसेच राहिले. पुढच्या निवडणुकीत ते हरले, दुसरं सरकार आलं, आणि कधीतरी त्या सरकारनं पूल बांधला. नवे आमदार म्हणाले, मी केला. मित्र मात्र भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या वकिलांनी केलाय."

पूल सुरू झाल्यावर मी एकदा सासऱ्यांना सरळच विचारलं, "आबा, तुमच्यामुळं झाला का हो?"

ते म्हणाले, "कुणाला ठाऊक. त्या बांधकाम मंत्र्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि मी बसलेलो त्याच्या डावीकडं."

"मग मोजणीवाले कसे आले?"

"तेच तर मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले.