झुंबरबाईची जाळी

एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत सोमाटण्याच्या झुंबरबाईची पोर गेली. सात महिन्यांची होती. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. म्हणून तिला टेकडीच्या उतारावर पुरलं, वर दगड रचले आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून बोरीच्या फांद्या टाकल्या. शेजारच्या अंबूबाईचं तान्हं बाळही त्याच आठवड्यात तिथंच पुरलं गेलं.

फांद्या वाळल्या, वाऱ्यानं उडाल्या. झुंबरबाई नव्या टाकायची, त्याही उडायच्या. एका सकाळी दगड हललेले दिसले, तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. आता कायमचे काटे हवेत, असं तिनं ठरवलं. वैशाखात पिकली करवंदं चिरडून तिनं ताज्या बिया दगडांभोवती टोचल्या, आणि पुढचे उन्हाळे डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढत राहिली. नवरा सोपान म्हणाला, "रानात उगवनारं करवंद कुनी लावतं व्हय?" ती घागर उचलून चालू लागली. बरोबरच केलं; असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

चार-पाच वर्षांत जाळी जमिनीलगत पसरली, दगड दिसेनासे झाले. आत शिरायची कोल्ह्याची टाप नव्हती. बुलबुलांनी घरटी केली, खाली लाव्यांची पिल्लं धावू लागली, ससा दडायला येऊ लागला. झुंबरबाई लांब बसून बघायची. आपली पोर आता एकटी नाही, एवढं तिला पुरत होतं.

मग जाळी फळांनी लगडली. अंबूबाईच्या थोरल्या मुलीनं ओंजळभर करवंदं तोडली, तर आईनं तिच्या हातावर चापट मारली.

"टाक ती. मेलेल्या पोरीची हायती."

झुंबरबाई तिथंच होती. तिच्या काळजाला घरं पडली. कोल्ह्यापासून पोर राखली, पण आता माणसंच तिला भिणार होती. गावाला काय, भ्यायला निमित्तच लागतं.

ती वाकली, सांडलेलं एक करवंद उचललं आणि खाल्लं. आजवर तिनंही या जाळीचं फळ तोंडात घातलं नव्हतं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली आणि रडू लागली. "पाखरं खात्यात की रोज. त्यांला काय झालं?"

अंबूबाई जाळीजवळ आली. मग तिनंही एक करवंद तोडून सावकाश खाल्लं. बिया थुंकल्या नाहीत, तळहातावर घेतल्या. पलीकडच्या उघड्या दगडांकडं बघत ती म्हणाली, "झुंबर, ह्या माज्या बाळाच्या हितं कशा लावायच्या, सांग."