शाकीरचा आरसा

गोरेगाव-सेनगाव जीपचा ड्रायव्हर शाकीर दिसायला देखणा, आणि त्याचा त्याला भारी माज. निघताना गाडीतला आरसा स्वतःकडं वळवून, भांग पाडत तो दुआ पढतो, "या अल्लाह, माझी सूरत चांगली केलीस, तसा स्वभावही चांगला कर." आमी मागं कोंबलेले असतो.

काल म्हातारी सोजराबाई गाठोडं घेऊन जीपमागं पळत आली. मी ओरडलो, तेव्हा कुठं त्यानं आरसा फिरवून तिला पाहिलं. शेजारच्या सीटवर त्याचं इस्त्रीचं जॅकेट पसरलेलं. "जागा न्हाई," म्हणाला, अन् आरसा परत आपल्या थोबाडाकडं वळवला.

माझ्या शेजारच्या बांगडीवाल्या शहनाजचाची म्हणाल्या, "शाकीर, तुझी अर्धी दुआ कबूल झाली. उरलेली मागताना तुझं सारं ध्यान भांगात असतं."