दोअमली विहीर

अमरावतीत परवा एका नव्या इमारतीचं पत्रक हातात पडलं. त्यावर भारदस्त शब्द : कॉन्डोमिनियम. विकणाऱ्याला अर्थ विचारला तर म्हणाला, "लक्झरी, सर." मला रागच आला. शब्द लॅटिनातला, अर्थ मिळून धनीपण. तोही आधी राज्यांसाठी होता, एका मुलखावर दोघांचा अंमल. घरांना तो फार उशिरा चिकटला. वऱ्हाडाला हे लॅटिनानं शिकवायची गरज नाही. इथे निजाम आणि नागपूरकर भोसले एकाच गावातून वसूल नेत. लोक त्याला दोअमली म्हणत. ती संपून साठ वर्षं झाल्यावर तिनं आमच्या घराण्यातल्या पार्बताबाईचा घात केला.

पार्बताबाई पातूरजवळची माळीण, विधवा. तिचा मळा वांग्यांचा आणि शेवंतीचा. जमीन बरड; पाणी होतं म्हणून पिकायची. विहीर शेजारच्या रामरावाशी निम्म्या भागीत, दोघांच्या आजोबांनी मिळून खणलेली. एक दिवस त्याची मोट, एक दिवस हिची.

दोअमलीत वसूलवाला दारात आला की भागीदार एकमेकांकडे बोट दाखवत. पुढे ती राज्यं गेली, पण सवय राहिली आणि तिची रीत झाली. परक्यानं विचारलं तर विहीर आपली म्हणायची नाही. भागीदाराचं नाव घ्यायचं. तो आपलं घेतो. 'माझी' म्हणणारा माणूस हलका ठरायचा.

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापूस भलताच तेजीत आला होता, तेव्हाच इंग्रजांची जमीनमोजणी पातूरकडे पोचली. रामराव त्याच पावसाळ्यात तापानं गेला होता. विहिरीपाशी त्याचा मुलगा पंजाबराव उभा होता.

"विहीर कोणाची?" कारकुनानं विचारलं.

"रामरावभाऊची," पार्बताबाई म्हणाली. मेलेल्या माणसाचाही मान तिनं राखला.

कारकून पंजाबरावाकडे वळला. "खरं का?"

आता त्यानं पार्बताबाईचं नाव घ्यायचं होतं. तिला आत्या म्हणत तिच्याच मांडीवर तो वाढलेला, रीत त्याला तोंडपाठ होती. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "हो, आमचीच हाय."

उन्हाळा सरेपर्यंत ती वाट पाहत राहिली, पोरगं बावचळलं असेल, येऊन सांगेल म्हणून. मग त्यानं तिच्या बाजूची मोटेची धाव नांगरली आणि विहिरीच्या काठापर्यंत कापूस पेरला.

"काहून रे बापू, माह्या मोटेचे बैल आता कुठून चालतीन?"

"आत्या, सायबानं लिवलं. मी काय करू?"

ती पायी अकोल्याला गेली. कचेरीतला माणूस काही वाईट नव्हता. त्यानं दप्तर काढून वाचून दाखवलं आणि म्हणाला, "बाई, हे तुम्हीच सांगितलंय." खोटं बोलले असं सांगायला तिची जीभ उचलेना. खरं तर ती खोटं बोललीच नव्हती. ती आली तशी परतली.

शेवंती आधी वाळली, मग वांगी. बैल विकले. कार्तिकात ती पंजाबरावाच्याच वावरात मजुरीनं कापूस वेचायला गेली. त्याच्यासारख्यांना काय म्हणावं, मला आजही सुचत नाही.

दुपारी बाया विहिरीवर पाणी प्यायला गेल्या. दोर, बादली तिथेच होती. पार्बताबाई मात्र बांधावर उभी राहिली. पंजाबरावाची बायको कौशल्या म्हणाली, "आत्या, काढून घ्या ना पानी. उभ्या काहून?"

"तू देशीन तं पेतो, माय," पार्बताबाई म्हणाली आणि तिच्यापुढे ओंजळ धरली.