चष्मा काढून ऐकणारे गुरुजी

मंगळवारी सकाळी गुरुजी वारले. दुपारी आम्ही त्यांना नदीवर नेले. संध्याकाळी शाळेची किल्ली माझ्याकडे आली.

अनसिंगच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षे शिकवले. कोणी बोलू लागले की ते चष्मा काढून हातात धरत आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत पुन्हा चढवत नसत.

'संवाद' हा त्यांचा आवडता शब्द. वर्गात मुले अर्थ सांगत, 'दोघांचे बोलणे.' गुरुजींना ते पुरत नसे. "दोघं तर भांडतानाही बोलतात. समोरच्याचं म्हणणं त्यालाच सांगून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला की मग आपलं. तो संवाद." मुलांना ते जोडीने तसे बसवत. तिसऱ्याने तोंड घातले की म्हणत, "तू कायले? हा बाजार नाही."

आमची विहीर दोघा भावांत सामाईक. दादाने माझी मोटेची पाळी मागितली, मी नाही म्हटले, आणि तीन महिने आमचे बोलणे बंद झाले. एका रविवारी गुरुजींनी आम्हाला वर्गात समोरासमोर बसवले आणि स्वतः ओसरीवर पाठ करून बसले. तिथूनच म्हणाले, "मास्तर, आधी त्याचं, मंग तुमचं."

मी म्हणालो, "दादाले जास्त पाणी पाहिजे."

"मी असं कधी म्हटलं?" दादा म्हणाला.

"मंग दादाले माही पाळी पाहिजे, फुकटात."

"तेबी नाही. लेकरायले शिकवून राह्यला, अन् भावाचं बोलणं समजत नाही तुले!"

ओसरीवर गुरुजी खोकले.

"मंग तूच सांग ना, दादा."

"अदलाबदल कर म्हणून राह्यलो. गुरुवारी बाजार. बुधवारी मेथीले पाणी नाही भेटलं तर जुडी कोमेजते. तुहा बुधवार मले दे, माहा शुक्रवार तू घे."

मी ते जसेच्या तसे परत सांगितले.

"बरोबर," दादा म्हणाला. "आता तुहं सांग."

"माहंबी तेच," मी म्हणालो.

शेवटच्या आजारात चष्मा गुरुजींच्या डोळ्यांवर नसेच. तरी मी शाळेची हकीकत सांगू लागलो की त्यांचा हात कानाशी जाई, चष्मा काढायला.

तो चष्मा आता शाळेच्या कपाटात आहे. विहिरीवर बुधवार दादाचा आहे, शुक्रवार माझा.