माळवदाचा सौदा

माझ्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छत, कोसळलं नव्हतं. ते मी मजुरी देऊन काढून घेतलं.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्या उन्हाळ्यात मंठ्यातला जो तो दारात थांबून विचारायचा, "काय ओ बापूराव, वीज पडली का काय?" वीज पडली असती तर बरं झालं असतं. विजेशी भाव करावा लागत नाही!

आमच्या घराण्यात बैलांची दलाली. आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी, दोघं बाजाराच्या दिवशी खांद्यावर उपरणं टाकून फिरायचो. गिऱ्हाईक भेटलं की त्याचा हात हातात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव करायचा. एक बोट म्हणजे दहा की शंभर, हे समोरचा माल बघून दोघांनाही कळतं. तोंडानं भाव बोलणं म्हणजे आमच्यात चारचौघांत धोतर सोडण्यासारखं. आबा तर मेथीच्या जुडीसाठीही भाजीवालीपुढे हात करायचे. (तिनं एकदा पायातली चप्पल काढली. तेव्हापासून भाजी मी आणायला लागलो.)

माझी बायको इंदू पहिल्या बाळंतपणाला टेंभुर्णीला माहेरी गेली होती. जायच्या आदल्या दिवशी माळवदातून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि थेट वरणाच्या पातेल्यात पडलं. तिनं पातेलं उचलून मला दाखवलं आणि परत चुलीवर ठेवलं. पुढे मुलगी झाली. बारशाला गेलो, पण लेकरू काही माझ्या हातात आलं नाही. "तुमच्याच्यानं पडंल," असं म्हणून सासूबाईंनी ते उचलून नेलं. निघताना इंदू म्हणाली, "पाळण्यात ढेकूळ पडलं तर कुणाला इचारू मी? आधी माळवद धड करा, मंग लेकराला घेऊन येते. तवर न्हाई."

परत आलो तर रिकामं घर खायला उठलं. मला माझी लेक घरी पाहिजे होती, बस्स! मी त्याच दिवशी कारागिरांच्या मागे लागलो.

पहिला आला गफूरभाई मिस्त्री. मूळचा तीर्थपुरीचा, पण पलीकडच्या आळीत त्याचं काम चालू होतं. त्यानं मान वर करून सगळं घर पाहिलं, खांब ठोकून पाहिले, तुळयांमधले पाचही खण मोजले. मी त्याचा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं.

"कायकू हात पकडते मालक? बुखार नै आया मेरेकू!"

"भाव बोला, गफूरभाई. आतून."

"आतून कायकू? भाव बोल रहा मैं, चोरी थोडी कर रहा!" त्यानं हात सोडवून घेतला आणि आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निजामाच्या हाली रुपयांत सांगितलं, "पुरे घर का डेढसौ! हाली सिक्का! लकडी पुरानीच चलती, माटी मेरी!"

समोरच्या ओट्यावरच्या म्हातारीनं "दीडशे?" म्हणून हात तोंडावर ठेवला. आबांनी तर लाजेनं मान खाली घातली. तो गेल्यावर म्हणाले, "बापू, वरडून भाव सांगतंय म्हंजे माणूस बिलकुल खोटा. खरा भाव कवा कुणाला ऐकू आलाय का?"

मलाही ते पटलं. आबांचं मला नेहमीच पटायचं, आमचं नुकसान दरवेळी दोघांच्या संमतीनं झालेलं आहे.

दुसरा आला सखाराम गवंडी. यानं आमच्याकडून दोनदा बैल घेतले होते, त्यामुळे उपरणं पडल्याबरोबर समजला. अगदी देवळात उभा राहावा तसा उभा राहिला, डोळे मिटले आणि माझी चार बोटं दाबली.

चाळीस! पाच खणांच्या घराचे चाळीस! पण स्वस्त भाव आला की चेहरा पाडायचा, हे आबांनी लहानपणीच शिकवलेलं. मी घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला आणि चौथं बोट अर्ध्यावर मागे सारलं. पस्तीस. सखारामनं मोठा सुस्कारा टाकून हात सोडला. सौदा पक्का झाला!

दीडशे गाठीला बांधून बसलेला माणूस मी. पैसा मोकळा ठेवणं दलालाच्या जातीला जमत नाही. उरलेल्या पैशांतून त्याच बाजारी मी एक बैल घेऊन टाकला. त्याचा जोडीदार मेला होता, त्यामुळे तो पडत्या भावात मिळाला. आणि टेंभुर्णीला निरोप धाडला, "माळवद होऊन राह्यलं. लेकराला घेऊन या."

सखारामची माणसं आली आणि पाचही खण उघडे करून गेली. माती, पाला, काटक्या, सगळं आळीत. घरात कधी नव्हे ते ऊन आलं. चुलीजवळ बसलेले आबा भाकरी खाता खाता वर बघून म्हणाले, "बापू, घार हाय बघ." आम्ही दोघांनी घार पाहिली. ती आमच्या भाकरीकडे पाहत होती.

मग सखारामनं पहिला खण बांधला. काम अगदी बराबर! लाकडी सरे सरळ, काटक्या दाट, वर पांढरी माती चापून बसवलेली. मी खूश होऊन पस्तीस रुपये त्याच्या हातावर ठेवले, वर नारळ दिला, टोपी घातली. तो गांगरला.

"मालक, येका खणाला येवढा मान?"

"घे रे. आन् बाकीचे चार तेवढे जल्दी उरक."

"उरकतो की. त्याचे पस्तीस पस्तीस तवातवा द्या, झालं."

मी ओट्यावर बसलो. सखारामही शेजारी बसला, टोपीसकट.

"सखाराम, भाव सगळ्या घराचा झाल्ता ना?"

"न्हाई ओ! आमच्यात भाव खणाचाच असतो. तुमच्यात काय येका बैलाचा करता का?"

"जोडीचा."

"बोललाव असताव तर..."

बोललो असतो तर! शेवटी तो म्हणाला, पैशांची सोय झाली की सांगा, आणि नारळ घेऊन निघून गेला. मी घरात आलो. डोक्यावर चार खण मोकळं आभाळ होतं, आणि ज्या पैशांचं छत व्हायचं त्यांचा बैल आळीत उभा राहून आमच्या जुन्या माळवदाचा पाला खात होता. त्यालाही तो आवडलेला दिसला नाही, पण खात होता!

आता टेंभुर्णीचा निरोप परत फिरवावा, असं ठरवून मी चप्पल घालतो न घालतो तोच आळीच्या तोंडाशी गाडी आली. पुढे माझा मेव्हणा आणि मागे इंदू, मांडीवर लेक.

गाडी दारात थांबली. इंदूनं घराकडे पाहिलं. दारातून दिसायला हवा होता अंधार, दिसत होतं आभाळ.

"हे काय ओ?"

"माळवद... चालू हाय."

"कुठं हाय?"

मी आळीतल्या ढिगाकडे बोट दाखवलं. मेव्हण्यानं बैल वळवायला कासरा ओढला. ही गाडी आता फिरली तर लेक पुन्हा कधी येईल, कुणी सांगावं!

"थांब दादा," इंदू म्हणाली. मग मला म्हणाली, "मी खाली उतरत न्हाई. आधी समदं खरं सांगा."

मी खरं सांगितलं. तिला कानात सांगायला गेलो, तर म्हणाली, "मोठ्यानं!" समोरची म्हातारी मी विसरलेल्याची मध्ये मध्ये आठवण करून देत होती, तिच्याकडूनच इंदूला गफूरभाईच्या दीडशेचंही कळलं. इंदूनं मेव्हण्याला पाठवून गफूरभाईला बोलावून आणलं आणि गाडीतूनच सुरुवात केली.

"गफूरभाई, येक खण झालाय. ऱ्हायलेल्या चारांचं काय घ्याल?"

"येक सौ बीस, भाभी."

"लाकूड आमचं. उकलायचं काम झालेलं. कशाचे येकशेवीस?"

"माटी लाना पडता ना! मेरे गाडी का येक बैल मर गया, किराये का लगता."

इंदू आमच्या बैलाकडे वळली. "तो घेता का? पैसे न्हाईत, बैल हाय. बैल घ्या, चार खण करा, वर आमाला चाळीस द्या."

"चालीस! भाभी, मैं छत डालू और मैंच पैसे देऊ?"

आळी गोळा झाली. भाव आभाळाखाली, भर दुपारी, सगळ्यांसमोर! कुणी "पंचवीस द्या" म्हणे, कुणी बैलाचे दात पाहून येई. आबांनी उपरणं डोक्यावरून ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गफूरभाई दहावर आला, इंदू तिसावर उतरली. तिला आता दोन्ही हातांची गरज पडू लागली, एक बैलाकडे दाखवायला, एक माळवदाकडे.

"धरा ओ हिला जरा," असं म्हणत तिनं न बघताच लेक माझ्या हातात दिली.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं आणि मोठी जांभई दिली. मी तिला पडू दिलं नाही. हलूसुद्धा दिलं नाही! पलीकडे वीसवर सौदा ठरला, आळीनं टाळ्या वाजवल्या, इंदू गाडीतून उतरली आणि तयार झालेल्या त्या एका खणाखाली जाऊन तिनं पाळणा बांधला. लेक मागायला आली, तेव्हा मी लेकीसकट तोंड फिरवलं.

उभ्या जन्मात मी शेकड्यांनी सौदे केले. ज्यात मला नफा झाला असा एकच, आणि तो मी केलेला नव्हता.