कागदावरचे बावीस खांब

रोशनी गजभिये आतापर्यंत बावीस खांब चढली होती. तिच्या शिकाऊ डायरीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं: तारीख, गल्ली, खांबाची उंची, आणि समोर रुपरावकाकांची झोकदार सही. प्रत्यक्षात वर्षभरात तिचे पाय जमिनीवरून सुटले असतील, तर ते कामठीहून येणाऱ्या शेअर ऑटोत चढताना.

नागपुरात सक्करदऱ्याकडच्या वीज कंपनीच्या एका सेक्शन ऑफिसात ती लाइनमन रुपरावकाकांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागली, त्याला आता अकरा महिने झाले होते. वर्ष संपलं की परीक्षा. परीक्षेला बसायचं तर डायरीत तीस चढाया हव्यात, आणि परीक्षेत नऊ मीटरचा लोखंडी खांब शिडी न लावता, दोर आणि पट्ट्याच्या जोरावर चढून, वर तार जोडून, हातपाय शाबूत ठेवून उतरायचं. डायरीची काळजी नव्हती. डायरी काकांच्या कृपेने भरत चालली होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण परीक्षेचा खांब काही बोलाचा नव्हता. आणि समजा तिथेही कुणी दयाळू परीक्षक भेटला आणि त्याने पास करून टाकलं, तर ते त्याहून वाईट. मग कुठल्या तरी खेड्यात एकटीची नेमणूक होणार, वावटळीत तार तुटणार, आणि सगळं गाव खांबाखाली जमून हिच्या तोंडाकडे बघणार. तेव्हा काय डायरी उघडून दाखवायची?

रुपरावकाका वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. पण हा माणूस रोज सकाळी स्वतःआधी तिच्या हातात तर्री-पोह्यांची प्लेट देणार, उन्हात तिला सावलीत उभं करणार, आणि चढायची वेळ आली की तिच्या हातातला पट्टा हळूच काढून आपल्या कमरेला बांधणार. तेहतीस वर्षांची नोकरी, डावा गुडघा कुरकुरणारा, तरी चढणार हेच. कारणं तर त्यांच्याकडे पोत्याने भरलेली.

"आज वारा हाय वं पोरी."

"आज खांब गंजेल दिसते."

"आज लोकं पाहून राहिले, उगाच तमाशा होईन."

वारा नसला तर ऊन, ऊन नसलं तर ढग. एकदा तर आकाश स्वच्छ, खांब नवा, गल्ली रिकामी, तेव्हा म्हणाले, "आज अमावस्या हाय." रोशनीने मोबाइल काढून तिथी दाखवली. अमावस्या चार दिवसांनी होती. "मंग जवळच हाय न," असं म्हणून काका चढलेसुद्धा.

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

घरीही तोच प्रकार. कामठीच्या त्यांच्या गल्लीत अर्ध्या घरांत यंत्रमाग. वीज गेली की खटखट बंद, आणि माग बंद की रोशनीचा बाप दारात येऊन बसणार, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तिने लाइनमन व्हायचं ठरवलं, असं सांगितलं तर ऐकायला छान वाटेल. खरं इतकंच की आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात जागा रिकामी होती. पण पहिल्याच महिन्यात वायरचं टोक सोलून नीट पीळ दिला, दिवा लागला, आणि ते काम तिच्या हाताला आवडलं. आता मात्र गल्लीतल्या प्रत्येक घरात तिचा नंबर होता. कामठीतला दिवा गेला की फोन हिला. "रोशनी, लाइट केव्हा येईन वं?" हिने किती वेळा सांगितलं की मी नागपुरात आहे, मला काय माहीत. सांगून सांगून जीभ झिजली. आई, म्हणजे प्रेमलताबाई, सगळ्यांना अभिमानाने सांगायची, "आमची रोशनी खांबावर चढते." ते ऐकलं की रोशनी काहीतरी काम काढून आत निघून जायची.

त्यात साहिल. तिच्याच वर्गातला, दुसऱ्या सेक्शनला शिकाऊ. त्याचा दर दोन दिवसांनी खांबाच्या टोकावरून फोटो. खाली लिहिलेलं, "सव्वीस झाले. तुझे?" रोशनीने फोटो बघणं सोडून दिलं होतं.

मे महिन्यातल्या त्या सकाळी ती ऑफिसात पोचली, तेव्हा टेबलावर तिची डायरी उघडी पडलेली. तेविसावी ओळ भरलेली होती. आजचीच तारीख, ज्या गल्लीत अजून जायचं होतं तिचंच नाव, आणि सही. शाई अजून ओली. आजवर काका निदान चढून आल्यावर खोटं लिहीत होते. आज निघण्याआधीच लिहून मोकळे झाले होते.

"काका, हे काय जी?"

"मंग घाई होते न. म्हून लिहून टाकलं."

रोशनीने दोर, पट्टा, साखळी उचलली आणि काकांच्या मोटारसायकलवर मागे बसली. रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काकांचा नियम.

नियम असा. गल्लीच्या टोकाला रोहित्र असतं, लोक त्याला डीपी म्हणतात. खांबावर काम करायचं तर आधी डीपीच्या पेटीतले तीन फ्यूज उपसून काढायचे. चिनीमातीचे, मुठीएवढे, लाइनमन लोक त्यांना किटकॅट म्हणतात. ते निघाले की गल्ली बंद. आणि काढलेले किटकॅट पेटीवर ठेवायचे नाहीत, कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. जो खांबावर चढणार, त्याने ते स्वतःच्या झोळीत घालून वर न्यायचे. म्हणजे खाली कुणाला कितीही उकडलं, कुणाचं डोकं कितीही फिरलं, तरी वरचा माणूस उतरेपर्यंत वीज चालू होणार नाही. ज्याच्या झोळीत किटकॅट, तो वर. तेहतीस वर्षांत काकांनी बाकी सगळ्या नियमांना कधी ना कधी बगल दिली असेल, याला नाही.

तिसऱ्या खांबावर तारेचा जोड जळाला होता. अर्धी गल्ली आधीच बंद, आता उरलेली अर्धीही बंद करावी लागणार. काका मोटारसायकल लावेपर्यंत रोशनी डीपीकडे गेली, हातमोजे चढवले, तिन्ही किटकॅट उपसले आणि झोळीत घातले. आपल्या झोळीत. तिथून ती खांबापाशी आली, टेस्टरने तपासलं, लांब काठीने तारांवर साखळी अडकवून तिचं टोक जमिनीत पक्कं केलं, म्हणजे चुकून वीज आलीच तरी ती जमिनीत उतरेल. सगळं शिकवल्याबरहुकूम. काकांनी पट्टा बांधला आणि सवयीने हात पुढे केला.

"आण."

"नाही देत जी."

"काय नाही देत?"

"किटकॅट माह्या झोळीत हायेत. नियम तुमचाच हाय."

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते हसले, मग हसू आवरलं. "डोकं नको खाऊ रोशनी. आण इकडं."

"मी वर्षभर पट्टा मागून राहिली, तुम्ही देल्ला का?"

एव्हाना पंखे थांबलेली माणसं एकेक करून दारात येऊ लागली होती. वरच्या गॅलरीतून एका बाईने विचारलं, "कोणी माणूस नाही आला का हो अजून?" रोशनी तिच्या डोळ्यांसमोर गणवेश घालून, हेल्मेट चढवून उभी होती. काकांचा फोन वाजला. इंजिनिअर गार्गी मॅडम. "रुपराव, किती वेळ? फोनवर फोन येतायत." काका म्हणाले, "चढूनच राहिलो मॅडम," आणि त्यांनी खरंच खांबाला हात घातला. एक पाय उचलला. तो तसाच दोन क्षण हवेत राहिला, आणि परत खाली आला. रिकाम्या झोळीने चढणं त्यांच्या पायांनाच ठाऊक नव्हतं.

ते खांबाला टेकून उभे राहिले. चिडलेले होतेच. पण आवाज खाली आला.

"तुले काय वाटते, मी काहून चढू देत नाही?"

"पोरगी हाय म्हून."

"नाही वं. पोरगा असता तरी नसतं देल्लं." त्यांनी हेल्मेट काढून घाम पुसला. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी खाली होतो, माहा जोडीदार वर. किटकॅट पेटीवर ठेवेल होते. मी पाच मिनिटं पाणी प्याले गेलो. गल्लीतल्या एकाले उकडून राहिलं होतं, त्यानं लावून टाकले. साखळी बी आम्ही टाकली नव्हती. वाचला तो. पण हात गेला. तेव्हापासून मीच वर जातो. वर मले भेव नाही लागत, पोरी. खाली उभं राहाचं भेव लागते."

रोशनीचा राग तिथल्या तिथे विरला असता, पण तिने तो धरून ठेवला. आता सोडला तर पुन्हा मिळणार नाही, हे तिला कळत होतं. अकरा महिने हा माणूस आपली भीती तिच्या डायरीत भरत होता, आणि वरून माया समजून तिने ती पोह्यांबरोबर गिळायची.

"मंग मी जन्मभर खालीच राहू का? माह्याखाली कोण उभं राहीन, काका? कोणीतरी तं राहीन."

काकांनी आपल्या कमरेचा पट्टा सोडून तिच्या कमरेला आवळला, इतका की तिचा श्वास अडकला.

पहिले दोन मीटर बरे गेले. मग पोटऱ्या थरथरायला लागल्या. मोज्यांतूनही लोखंड भाजत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि खालून सूचनांचा पाऊस. "दोर वर घे. पाय आखूड टाक. आखूड म्हटलं तं एवढा आखूड नाही. खाली नको पाहू. डाव्या हातानं—"

"काका, गप राहा न जी."

खाली एकदम शांतता झाली. तिला वाटलं, दुखावले. वर पोचून पट्टा खांबाला अडकवल्यावर तिने खाली पाहिलंच. काका तिच्याकडे बघत नव्हते. खांबाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, गल्लीच्या टोकाच्या डीपीकडे तोंड करून उभे होते, जणू सगळी गल्ली चाल करून येणार आहे. किटकॅट तिच्या झोळीत होते, तारांवर साखळी होती. कुणी काही करू शकणार नव्हतं. हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, तरी ते हात खाली करत नव्हते. रोशनीला रडू आलं. वर रडण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने पाना काढला.

दहा मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं लागली. एक नट हातातून सुटून खाली पडला, काकांनी तो न बोलता दोराने वर पाठवला. ती उतरली, साखळी काढली, किटकॅट जागेवर बसवले. गल्लीत पंखे फिरू लागले. गॅलरीतली बाई म्हणाली, "एवढा वेळ लागते का?" आणि आत गेली.

ऑफिसात आल्यावर काकांनी डायरी मागून घेतली. लाल पेन काढलं आणि पट्टीने, एकेक करून, बावीस ओळींवर रेघ मारली. तेविसावी तशीच ठेवली. सकाळी खोटी लिहिलेली ती ओळ आता खरी झाली होती.

"काका, आता एकच उरली की. वीस दिवसांत एकोणतीस कशा करू?"

"दिवसाले दोन."

दुसऱ्या दिवशी रोशनीच्या तळहातांना फोड, मांड्या दगड झालेल्या. सकाळचा एक खांब कसाबसा झाला. दुपारी दुसऱ्याखाली उभी राहून तिने वर बघितलं आणि तिला स्वतःचीच चीड आली, पण बोलून गेलीच. "काका, आज ऊन लय हाय जी. हा एक तुम्ही चढा न."

काकांनी आपली झोळी उलटी करून झटकली. रिकामी होती. किटकॅट तिच्याच झोळीत होते, सकाळपासून त्यांनी ते एकदाही मागितले नव्हते.

"वारा बी नाही, अमावस्या बी नाही," ते म्हणाले, आणि खांबाकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले.